आबांचं कोरं कपाळ

निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की लोकांना वाटतं, आता खून निघणार, नाहीतर दरोडा. माझ्या गाठीला तेही आहेत. पण चिंचवडच्या घरी सकाळी पेपर चाळताना ड्रोनची एखादी बातमी दिसली की जी घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, तिच्यात ना खून होता ना दरोडा. एक घोडी होती, तिच्यावर बसणारा एक तरुण होता आणि खाटेला खिळलेले एक म्हातारे गृहस्थ होते. माणसांची नावं सांगणार नाही. घोडीचं सांगतो, तिची हरकत नसावी. तिचं नाव मैना.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो आणि निवृत्ती तोंडावर आली होती. या भागातलं ठाणं म्हणजे सकाळची हजेरी संपते न संपते तोच कंटेनरची कोंडी, मग कंपनीतली भंगारचोरी, खोलीमालक आणि भाडेकरूचं भांडण, सेकंड शिफ्ट सुटली की हिसकावलेले मोबाइल. त्यात अलीकडे ड्रोनची भर पडली होती. "साहेब, आमच्या गच्चीवर कायतरी घिरट्या घालतंय," असे फोन यायचे. मारुंजीत भाड्याने राहणाऱ्या एका मुलीने तर खिडकी उघडणंच सोडलं होतं, असं तिकडच्या माझ्या सहकाऱ्याने सांगितलं होतं. एका लग्नात नवरीवर फुलं टाकायला आणलेला ड्रोन मांडवाच्या झालरीत अडकला आणि थेट आचाऱ्याच्या कढईत पडला. आचारी थोडक्यात वाचला. लोक हसले. हौसेला मोल नाही म्हणाले. मला या म्हणीचा राग आहे. हौसेला मोल असतं हो, फक्त ते हौस करणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

कुरुळीच्या पलीकडे एक गाव आहे. अर्ध्या रानात कंपन्या झाल्या, उरलेल्या अर्ध्यात कामगारांच्या खोल्या. पण यात्रा आली की गाव पुन्हा गाव होतं. बैलगाडा शर्यत असते. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या एका धावेला बारी. गाड्याला बैल जुंपतात आणि बैलांच्या पुढे एक घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो. बैल त्या घोडीमागे जीव तोडून सुटतात. घोडी सरळ गेली तर बैल सरळ. म्हणजे सगळी बारी घोडीवाल्याच्या इमानावर चालते. त्यामुळे गाडामालक घोडीवाला निवडताना जावई निवडल्यासारखी चौकशी करतात.

त्या वर्षी सगळे कागद मी स्वतः तपासले होते. शर्यतीची परवानगी, बैलांना जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, रुग्णवाहिका, भोंग्याची परवानगी, पोरांच्या पाळण्याचीसुद्धा परवानगी. आणि वर आकाशात तीन-चार ड्रोन फिरत होते, त्यांचा एकही कागद कुणाकडे नव्हता. कुणाचे आहेत, कुठून उडतायत, कुणाला ठाऊक नाही. बघणारे मात्र माना वर करकरून खूश.

मी वाहनतळाकडे बंदोबस्त बघत होतो तेव्हा घाटावरची आरोळी बदलली. आनंदाची आरोळी चढत जाते, भीतीची मध्येच तुटते. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, नोकरीत कानाला कळायला लागतं. धावत गेलो. मैना घाटात आडवी पडून उठायची धडपड करत होती. तिचा स्वार तिच्या खालून कसाबसा ओढून काढला होता, आणि त्याची मांडी नको त्या जागी वाकली होती. मागून आलेले बैल गर्दी अडवायला कडेने बांधलेल्या दोरीत घुसले होते, एकाचं शिंग मुळापासून मोडलं होतं. दोरीजवळच्या दोघा-तिघांना खरचटलं. जीव कुणाचा गेला नाही, ही देवाची कृपा.

संध्याकाळी बैलाचा मालक ठाण्यात आला. गावातलं जुनं घराणं, आवाज मोठा, पण त्या दिवशी डोळे रडून लाल झालेले.

"साहेब, त्या घोडीवाल्यावर गुन्हा घ्या. घोडी आडवी घातली त्यानं. मुद्दाम."

"शेठ, मुद्दाम आडवी घालून स्वतःची मांडी कोण मोडून घेईल?"

"समोरच्या पार्टीनं फोडला असंल. न्हाईतर पिऊन बसला असंल. आमचा थोडाच हाय तो? परभणीकडनं आलेलं पोरगं."

"किती वर्षं झाली त्याला इथं?"

शेठ खिडकीबाहेर बघू लागले. घोडीवाला पाळण्यातला असताना त्याचे आईबाप कंपन्यांच्या बांधकामावर आले होते. तो इथेच वाढला, इथल्याच शाळेत गेला, आता एका कंपनीत प्रेस मशिनवर होता. पण आपल्याकडे माणूस चुकला नाही तोवर गावचा, आणि संशय आला की लगेच बाहेरचा.

डॉक्टरांनी तपासलं, दारूचा थेंब नव्हता. ते मी शेठना दाखवलंही. पण अफवेला डॉक्टरचा दाखला दाखवून काय उपयोग? उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माझ्या हवालदाराच्या कानावर आलं, 'घोडीवाला विकला गेला.'

दवाखान्यात त्याचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. पाय वजनाला टांगलेला, उशाशी बायको डबा घेऊन बसलेली. मी खुर्ची ओढली तोच त्याने विचारलं, "साहेब, मैना कशी हाय?"

"गुडघा सोललाय, मुका मार आहे. डॉक्टर म्हणतो, बरी होईल. तू तुझं सांग."

"मैना बिचकली, साहेब. डोक्यावर घूं घूं आलं, वारं आलं, अन् ती मागल्या पायांवरच उभी ऱ्हायली. ड्रोन व्हता."

"कुणाचा? कसला?"

"वर बघाया येळ कुठं व्हता? मागं बैल!" त्याने टांगलेल्या पायाकडे पाहिलं. "पाय बसंल, न्हाई बसंल. पण म्यां घोडी मुद्दाम आडवी घातली असं गाव म्हणत ऱ्हायलं, तर मला परत कुणी घोडीवर बसू द्यायचं न्हाई. आबांना मी काय तोंड दाखवू?"

आबा म्हणजे मैनेचे मालक. घोडीवाल्याचे आईबाप त्यांच्याच खोलीत भाड्याने राहिले होते. हा पोर दिवसभर गोठ्यात रमायचा, म्हणून आबांनी त्याला उचलून घोडीवर बसवला आणि पुढे आपल्या हाताने तयार केला. पंचक्रोशीत आबांचा शब्द चालायचा. पण वर्षभरापूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून ते घाटावर आले नव्हते.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या पोराला पायापेक्षा नावाची काळजी होती, आणि मला ते मनापासून आवडलं. हे नाव धुऊन काढायचंच, असं मी दवाखान्याचा जिना उतरताना ठरवलं.

घाटावर शेकडो मोबाइल होते. हवालदाराने मिळतील तेवढी चित्रणं गोळा केली. हा हवालदार मूळचा मावळातला, गाडा म्हटलं की जेवण विसरणारा. पण सगळ्यांचे कॅमेरे बैलांवर रोखलेले, आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला कुणी पुढे येईना. एकात आवाज तेवढा होता. घोडी बिचकायच्या आधी ते घूं घूं स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे ड्रोन होता एवढं खरं. कुणाचा, हा प्रश्न उरला.

गावातल्या चार उत्साही पोरांनी त्याचं उत्तर परस्पर शोधलं. शर्यतींची चित्रणं करून आपल्या चॅनेलवर टाकणारा एक तरुण होता, लातूरचा, कंपनीत मशिनवर कामाला. त्याची गचांडी धरून ते ठाण्यात घेऊन आले. शर्टाची बटणं तुटलेली, ओठ फुटलेला.

"हाच तो साहेब! ह्याच्याकडंच हाय ड्रोन!"

"बाहेर बसा," मी म्हणालो. "आणि याचा ओठ कुणी फोडला ते ठरवून ठेवा, मला विचारायचंय." बाहेर बसायला कुणी थांबलं नाही.

मी त्याला पाणी दिलं, चहा सांगितला. चौकशीत दम देणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. दम दिला की माणूस बोलतो, पण आपल्याला हवं तेच बोलतो. माझी खूण वेगळी आहे. खोटं बोलणारा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, खरं बोलणारा आधी आठवून बघतो. हा पोरगा प्रत्येक प्रश्नाला थांबत होता.

"त्या बारीला ड्रोन कुठं होता तुझा?"

तो आठवून म्हणाला, "खाली होता सायेब. बॅटरी बदलत होतो. खालच्या अंगाला, टाकीजवळ. आन् मी जनावराच्या डोक्यावर कधीच नेत नाही. आमच्या घरी म्हशी हायत. नुसती छत्री उघडली तरी दावं तोडत्यात."

टाकीजवळच्या रसवंतीवाल्याने ते खरं असल्याचं सांगितलं. पोराचा ड्रोन धुळीने माखलेला होता, दुसरं त्यावर काही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी हवालदाराबरोबर त्याला खोलीवर पोहोचता केला.

तपास तिथे अडला होता. तो सुटला एका मावशींच्या तक्रारीने. यात्रेत घाटाच्या वळणावर नारळ आणि भंडारा विकायला बसणाऱ्या या बाई. भंडारा म्हणजे देवाची हळद. गाडा सुटला की लोक तो मुठी भरभरून उधळतात. मावशी तरातरा आत आल्या.

"साहेब, माझी भरपाई कोन देनार? भंडाऱ्याचा ढीग लावलेला, अर्धा उडाला!"

"मावशी, भंडारा उधळायलाच असतो की."

"देवावर उधळायचा! यंत्रावर न्हाई!"

मी सरळ होऊन बसलो. हवालदाराने हातातलं पेन खाली ठेवलं.

मावशींनी सांगितलं ते असं. शेठच्या बैलांची बारी सुटायच्या जरा आधी एक ड्रोन त्यांच्या डोक्यावरून फार खालून गेला. पंख्यांच्या वाऱ्याने ढीग उधळला आणि ते यंत्र पिवळं धम्मक होऊन घाटात शिरलं. मग आरडाओरडा झाला आणि तेच पिवळं पाखरू माघारी गेलं.

"माघारी कुठं?"

आता मावशींचा आवाज खाली आला. "आबांच्या गच्चीकडं. पन साहेब, माझं नाव घेऊ नगा. आबांचं मीठ खाल्लंय आमी."

मला आधी पटेना. ज्याला आबांनी लेकरासारखा वाढवला, त्याच्यावर आळ आलेला असताना आबांचंच घर गप्प बसेल? पण पोलिसाने मनाला पटण्यावर जायचं नसतं. गेलो.

घर घाटाच्या अंगालाच, तीन मजली, वर गच्ची. मधे आंब्याची जुनी झाडं. आबांचा मुलगा ट्रान्सपोर्टचा धंदा बघतो, वागायला नम्र, अंगात कसली मस्ती नाही. "या साहेब, बसा, चहा घ्या," म्हणाला. दर्शनी कपाटात काचेमागे ड्रोन ठेवलेला होता.

"छान आहे. यात्रेत उडवला असेल?"

"नाही साहेब. चार्जिंग नव्हतं त्या दिवशी."

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं.

त्या दिवशी घाटाजवळच्या घरांत चपलांपासून गाड्यांच्या काचांपर्यंत सगळं पिवळं झालं होतं. त्याच घराच्या उंबऱ्यावर अजून हळदीची रेघ होती. ड्रोन मात्र आताच दुकानातून आणल्यासारखा लखलखीत. मी एवढंच म्हणालो, "पंचांसमोर उघडून बघावा लागेल." त्याने चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"आधी आबांना भेटतो," मी म्हणालो.

आतल्या खोलीत खिडकीशी आबांची खाट होती, समोर भिंतीवर मोठा टीव्ही. सूनबाई वाटीत भंडारा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बोट पुढे केलं आणि आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"यात्रेपासून असंच चाललंय," त्या मला म्हणाल्या. "जन्मभर कपाळाला भंडारा लावल्याशिवाय यांनी पाणी घेतलं नाही. आता माझ्या हातचा नाही, मुलाच्या हातचा नाही, कुणाच्याच हातचा घेत नाहीत. जेवणही नावाला. मैनेचं फार लागलंय जिवाला."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मैना अंगणात उभी होती, पायाला पट्टी, पण मजेत चारा खात होती. आबांना ती दिसत होती. मैनेचं दुःख असतं तर ती उभी राहिली त्या दिवशीच हलकं झालं असतं. माझ्या पाहण्यात दुःखी माणूस देवाला जवळ करतो. देवासमोर कपाळ पुढे करायला जो लाजतो, त्याच्या मनाला काहीतरी टोचत असतं. पण खाटेवरून हलू न शकणाऱ्या या माणसाला काय टोचणार?

मी खाटेवर बसलो आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. "आबा, मी पोलीस ठाण्यातून आलोय. तुमच्या घोडीवाल्याला गाव खोटा म्हणतंय. म्हणतात, त्याने मैना मुद्दाम आडवी घातली. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

त्यांचे डोळे भरले. हात माझ्या हातातून सुटला आणि वर आला. त्यांनी आधी बंद टीव्हीकडे बोट केलं. मग पंजा हवेत धरून स्वतःकडे ओढला. जवळ, जवळ, अजून जवळ. आणि मग तोच हात त्यांनी आपल्या कपाळावर मारून घेतला. एकदा, पुन्हा एकदा. मी धरला म्हणून थांबला.

"आबा, बास!" दारातून मुलगा ओरडला आणि तिथेच खाली बसला. "साहेब, त्यांना नका विचारू. मी उडवला. मीच."

मग सगळं बाहेर पडलं. आबांना शर्यत दिसावी म्हणून त्याने ड्रोन घेतला होता. तो गच्चीवरून उडवायचा आणि खाली टीव्हीवर आबा बघायचे. झटका आल्यापासून ते पहिल्यांदा हसले ते त्या पडद्याकडे बघून, असं सूनबाई म्हणाल्या. त्या दिवशी मैना घाटात उतरली आणि आबा हाताने खुणावू लागले. तिचं तोंड दाखव, जवळ घे. सूनबाईंनी जिन्यातून हाक मारून ते वर सांगितलं.

"मी खाली घेतला, साहेब. मधे झाडं. ड्रोन मला दिसतच नव्हता, मी हातातल्या पडद्यावर बघत होतो. पडद्यावर मैना लांब वाटत होती. तिनं कान मागं पाडले ते दिसलं आणि... तोवर झालं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आबांना उमगलं नसेल असं वाटलं. मी कबूल केलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, की त्यांनी मागितलं म्हणून त्या पोराचा पाय मोडला. ते या दुखण्यातून उठले नसते. आणि," त्याने मान खाली घातली, "भीती पण वाटली, साहेब. खोटं नाही सांगत."

माझा पारा चढला. "आणि त्या पोराचं नाव मातीत गेलं, ते? तुझ्या बापाला वाचवायला तू त्याचा बळी दिलास? अरे, भाऊ ना तो तुझा?"

माझी बाही कुणीतरी ओढली. आबा होते. घशातून कसलातरी आवाज काढत ते मुलाकडे बघून 'नाही, नाही' अशी मान हलवत होते आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवत होते. मी, मी. पोरगा सगळं आपल्या अंगावर घेत होता आणि बाप खाटेवरून त्याला मागे सारून पुढे येत होता. आयुष्यभर मी एकमेकांवर ढकलणारी माणसं पाहिली. गुन्ह्यासाठी अशी ओढाओढ पहिल्यांदाच बघत होतो. माझे डोळे भरून आले, आणि वर्दीत असताना ते लपवायला काही साधन नसतं.

"आबा," मी म्हणालो, "जवळून बघावंसं वाटणं हा गुन्हा नाही. किती खाली न्यायचा हे उडवणाऱ्याने ठरवायचं असतं. तुमच्यावर कसलाही आरोप नाही." त्यांनी ऐकलं. पण सूनबाईंनी वाटी पुढे केली तेव्हा पुन्हा तोंड फिरवलं.

पुढचं रीतसर झालं. ड्रोन जप्त केला, पंचांसमोर जाणकाराकडून उघडला. बाहेरून धुतला होता, पण पंखे फिरवणाऱ्या मोटरींच्या आत हळद बसली होती. पंचनामा झाला, जबाब झाला, निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आबांचा मुलगा म्हणून मी त्यात काही कमी केलं नाही आणि त्यानेही तशी विनंती केली नाही. कोर्टाने पुढे दिलेली शिक्षा त्याने मुकाट्याने घेतली. जामीन झाल्यावर मात्र मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही कलमात नाही. "ज्या भोंग्यावरून बारी पुकारतात, त्याच भोंग्यावरून सांग."

त्याने सांगितलं. देवळासमोर गाव जमवलं आणि उभं राहून म्हणाला, "मैना माझ्या ड्रोनमुळं बिचकली. घोडीवाल्याची काडीची चूक नाही. माझ्या भावाला तुम्ही माझ्यामुळं खोटं म्हणालात." शेठ मागे उभे होते. ते तडक गाडी काढून दवाखान्यात गेले आणि त्या पोराच्या टांगलेल्या पायापाशी बसून लहान मुलासारखे रडले. लातूरच्या पोराकडे मात्र माफी मागायला त्या चौघांपैकी एकच गेला.

घोडीवाला दवाखान्यातून सुटला तेव्हा घरी गेला नाही, आधी आबांकडे आला. मी मुद्दाम तिथे थांबलो होतो. कुबड्या टेकत तो खाटेपाशी आला, वाटी उचलली आणि अंगठा भंडाऱ्यात बुडवून म्हणाला, "आबा, जनावर हाय, बिचकलं. तुमीच शिकवलंय न्हवं, घोडीवर राग धरायचा न्हाई म्हणून? मंग स्वतःवर कशाला धरताय? आना कपाळ."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हळूहळू मान पुढे केली. त्याने कपाळभर भंडारा लावला. मग मुलगा उठला, बाहेर गेला आणि मैनेला लगाम धरून खिडकीशी घेऊन आला. तिने खिडकीतून तोंड आत घातलं आणि आबांच्या तळहातात फुरफुरली. ज्या तोंडासाठी एवढा अनर्थ झाला, ते तोंड रोज अंगणातच उभं होतं. मुलाच्या हे मनात आलं असावं, कारण तो लगाम धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

या प्रकरणानंतर मी वरिष्ठांना एक अहवाल पाठवला. त्यात जे लिहिलं तेच इथे लिहितो. नियम अगदीच नाहीत असं नाही. पण ते कागदावर आहेत आणि ड्रोन आकाशात. दुचाकीला नंबर लागतो, चालवणाऱ्याला परवाना लागतो, कारण ती कुणाला तरी लागू शकते. मग डोक्यावर फिरणाऱ्या चार धारदार पात्यांना एवढंही का नको? विकतानाच घेणाऱ्याचं नाव लागलं पाहिजे. नंबर लांबून ओळखता आला पाहिजे. शिकल्याशिवाय उडवू देऊ नये. डोळ्यांना दिसत नाही तिथवर नेता कामा नये. आणि गर्दी, जनावरं, लोकांच्या खिडक्या यांच्या जवळ अजिबात नाही, मग उडवणारा कुणाचाही मुलगा असो. काही हौशी मंडळी मला म्हणाली, "साहेब, दोन-चार बेजबाबदार लोकांमुळे सगळ्यांना जाच का?" त्यांना मी एवढंच सांगतो की माझ्या केसमधला माणूस बेजबाबदार नव्हता. तो बापाची सेवा करणारा, सरळ माणूस होता. वाईट हेतूचा माणूस आम्ही पकडू, त्यासाठी पोलीस आहेत. नियम लागतो तो चांगल्या माणसाचा हात मायेपोटी खाली जातो तेव्हा. नोकरीच्या शेवटी मी शिकलो ते हेच.

पुढच्या यात्रेला मी निवृत्त झालो होतो. टोपी घालून साध्या माणसासारखा घाटावर गेलो. वेशीवर पाटी होती, 'ड्रोन उडवण्यास सक्त मनाई'. आबांना मुलाने टेम्पोत खाट टाकून आणलं होतं, घाटाला अगदी लागून. कपाळ पिवळं. गेल्या वर्षीही असं आणता आलं असतं, पण आपल्याला साधी गोष्ट उशिरा सुचते.

घोडीवाल्याचा पाय जरा आखूड बसला होता. घोडीवर त्याला आता बसता येत नव्हतं, मैनेवर दुसरा होता. पण शर्यतीत निशाणाचा माणूस लागतो. गाडा कधी पोहोचला हे तो निशाण पाडून ठरवतो, आणि त्याचा निकाल सगळ्या गाडामालकांना मान्य करावा लागतो. म्हणून ते काम ज्याच्या इमानाबद्दल दुमत नाही अशालाच देतात. त्या वर्षी निशाण त्याच्या हातात होतं. नाव सुचवलं होतं शेठनी.

दोन बाऱ्यांच्या मधे मी त्याच्याकडे गेलो. "काय रे, खूश का?"

"व्हय साहेब, लई." तो हसला. मग हातातलं निशाण सारखं करत म्हणाला, "मैना आता बिचकत न्हाई बघा. ती इसरली. माझ्या कानात मात्र ते घूं घूं अजून येतं. पंखा लावला तरी दचकतो. बायकू म्हणती, येडा हाईस."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भोंग्यावर पुढच्या बारीचं नाव पुकारेपर्यंत तिथेच उभा राहिलो.